पोमा बाटली देत नाही

"ही घे," म्हणत वोफा तावियाने वर्तमानपत्रात गुंडाळलेली बाटली पोमाच्या टेबलावर ठेवली. "तुला दुकानात जायची लाज वाटेल म्हणून मीच आणली. श्नॅप्स आहे, असली. रविवारी सभेत पुढे ठेवायची, दोन शब्द बोलायचे, की मिटलं."

पोमा आग विझवायच्या एका लाल सिलिंडरच्या डोक्याचा आटा सोडवत होती. तिने वर पाहिलं नाही.

"कोणते दोन शब्द?"

"तुला माहीत नाहीत होय? माझं चुकलं."

"माझं काय चुकलं?"

"अगं, मी बाटली आणलीय, कोर्ट नाही आणलं."

"मग न्या परत. जावयाला पाजा."

"जावई पाद्री आहे माझा."

"मग तर घेईलच."

तावियाला हसू आलं, पण त्याने ते गिळलं. टेचिमनच्या गाडीतळावर सगळ्यांत म्हातारा ड्रायव्हर तो, म्हणून सगळ्यांचा वोफा, म्हणजे मामा. त्याच्या जमेला एक मोठी गोष्ट होती, उभ्या आयुष्यात त्याने कोणाला ठोकलं नव्हतं. खर्चाच्या बाजूला हे की भांडण दिसलं की तो कधीच एका बाजूला जायचा नाही. तरीही तो पोमाचा माणूस होता. तिचा नवरा गेला तेव्हा गावी शव नेणारी गाडी त्यानेच चालवली होती.

"शेड जाईल पोमा," तो हळू आवाजात म्हणाला. "आमेयो चेअरमन आहे. शेड युनियनची आहे. दोन शब्दांसाठी छप्पर घालवतेस?"

"वोफा, हा आटा अडकलाय. पान्याची दुसरी बाजू धरा, नाहीतर जा."

त्याने धरली. जाताना बाटली मात्र तिथेच विसरला. म्हणजे मुद्दाम विसरला.

घडलं होतं ते असं. न्कोरान्झाच्या रस्त्यावर सार्पोंगच्या गाडीच्या इंजिनातून आधी धूर आला आणि मग ज्वाळा. गाडीच्या कपाळावर मोठ्या अक्षरांत 'बोलणारे बोलोत' असं रंगवलेलं. सार्पोंगने गाडी कडेला घेतली, सीटमागचा आग विझवायचा सिलिंडर काढला आणि पोमाने शिकवलं होतं तसंच सगळं केलं. पिन ओढली, वारा पाठीशी घेतला, नळीचं तोंड ज्वाळेच्या बुडाशी धरलं आणि मूठ दाबली. सिलिंडरने एक शिंक दिली. त्याने पुन्हा दाबली. दुसरी शिंकही आली नाही.

गाडी जळाली. माणसं वाचली, पण मागच्या बाकावर झोपलेलं कुणाचं तरी पोर ओढून काढताना आफ्राकोमा नावाच्या कंद विकणाऱ्या बाईचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला. आणि सिलिंडरच्या गळ्यात तो भरून देणाऱ्या पोमाची खूण होती, निळ्या तारेचं सील आणि महिन्याचं भोक पाडलेला पत्र्याचा बिल्ला.

संध्याकाळपर्यंत तळावर ठरलं की पोमा पावडरीऐवजी कसाव्याचं पीठ भरते. दुसऱ्या दिवशी सकाळी ते पीठ कोणत्या गिरणीतून येतं तेही ठरलं. ज्यांच्या गाड्यांत तिने भरलेले सिलिंडर होते त्यांनी ते हलवून पाहिले आणि आवाज पिठासारखाच येतो असं एकमताने सांगितलं. पिठाचा आवाज याआधी कोणी कधी ऐकला होता, हे कोणी विचारलं नाही.

चेअरमन आमेयोबद्दल एवढं सांगायलाच हवं की तो वाईट माणूस नव्हता. तो फक्त चेअरमन होता. नुकताच निवडून आलेला, आणि नव्या चेअरमनला तळावर शांतता लागते, जशी नव्या बुटाला चमक लागते. त्याने निरोप धाडला, तळाच्या रीतीने तिला मामे, म्हणजे आई, म्हणून: मामे पोमाने रविवारच्या सभेत बाटली ठेवावी, माफी मागावी, मग कोणी पुन्हा हा विषय काढणार नाही. नाहीतर शेड रिकामी करावी.

इथे भांडण मिटतं ते खरं कोण यावर नाही, बाटली कोणी ठेवली यावर. बाटली ठेवली की वडीलधारी मंडळी चार थेंब जमिनीवर टाकतात, पूर्वजांना झालं गेलं सांगतात आणि उरलेली संपवतात. पूर्वजांच्या वाट्याला कायम चार थेंबच येतात. पण रीत जुनी आहे आणि तिने कितीतरी चाकू म्यानात परत पाठवले आहेत. बाटली देणारा लहान होत नाही, असं सगळे म्हणतात. म्हणणारे बहुधा घेणारे असतात.

शनिवारी पोमा शेंगदाण्याच्या रश्श्याचा डबा घेऊन आफ्राकोमाकडे गेली. आफ्राकोमा दारात बसली होती, हात मांडीवर उताणा ठेवून, जणू तो दुसऱ्या कोणाचा आहे आणि सांभाळायला दिलाय.

"मामे, एक विचारू? राग नको धरू."

"विचार."

"पीठ भरलं होतंस?"

इतक्या दिवसांत हे पोमाला तोंडावर विचारणारी ही पहिलीच. बाकीचे तिच्या पाठीला विचारत होते.

"नाही."

"मग का नाही चाललं?"

"कोणीतरी आधी दाबलाय तो. मला वाटतं. उघडून बघितल्याशिवाय सांगता यायचं नाही, आणि सिलिंडर युनियनच्या कपाटात आहे. मी दोनदा मागितला. देत नाहीत."

"आणि उद्या बाटली देणार म्हणे तू."

"लोक म्हणतायत."

आफ्राकोमाने डाव्या हाताने माशी हाकलली. "मी सांगू? तू भरलं असशील पीठ, तर दे बाटली. मी माफ करीन, देवाशप्पथ. पण भरलं नसशील तर देऊ नको. तू बाटली दिलीस की हा हात बघून रोज मला वाटणार, पोमाने केलं. आणि ज्याने केलं त्याच्याच गाडीत बसून मी माझे कंद नेणार. मला नाव खरं पाहिजे, मामे. हात तर काय, गेलाच."

पोमाने डबा उघडला आणि तिला भरवायला बसली. आफ्राकोमा एकदा नको म्हणाली, मग तोंड उघडलं.

सभा युनियनच्या ऑफिसपुढच्या मांडवात भरली. चेअरमन सभेत स्वतः बोलत नाही. तो सेक्रेटरीच्या कानात बोलतो आणि सेक्रेटरी सभेला सांगतो, जरा गोड करून. तशी चाल आहे. आमेयो उंच पाठीच्या खुर्चीत बसला होता, खांद्यावरून सणाचं कापड घेऊन. ऑफिसच्या उघड्या दारातून आतली भिंत दिसत होती, नव्या चेअरमनच्या फोटोसकट.

सेक्रेटरी उठला. "चेअरमन म्हणतात, मामे पोमा आपल्या सगळ्यांची आई आहे. आईकडूनही कधी भात करपतो. चेअरमन म्हणतात, बाटली कुठे आहे?"

"बाटली पिशवीत आहे," पोमा म्हणाली. "सिलिंडर कुठे आहे?"

"चेअरमन म्हणतात, सिलिंडरचा इथे काय संबंध?"

"चेअरमन अजून काही म्हणालेच नाहीत. मी बघत होते त्यांच्या तोंडाकडे."

मागच्या बाकांवर खसखस पिकली. आमेयो सेक्रेटरीच्या कानाकडे झुकला, मग सरळ बसला.

"ज्याच्यावर भांडण आहे ती वस्तू सभेत नको?" पोमा म्हणाली. "मेंढी चोरली तर मेंढी आणता. इथे सिलिंडर कपाटात लपवता. काय तो लाजरा आहे?"

"आणा रे," बाकांवरून कोणीतरी ओरडलं. आणखी दोघे ओरडले. कंटाळलेल्या माणसांना न्याय नको असला तरी खेळ हवाच असतो. सिलिंडर आला. काळवंडलेला, पण अंग शाबूत होतं. पोमाने सोबत आणलेला तराजू, पाना आणि जुनं कापड पसरलं.

"सिलिंडरच्या डोक्यावरचा काटा बघा. शून्यावर. हवा नाही." तिने तो उलटा करून मूठ दाबून दाखवली, काही निघालं नाही, मग तिने सिलिंडर मांड्यांत आवळून डोकं फिरवलं. आतली पावडर कापडावर ओतली. पांढरी, मोकळी, भुरभुरीत.

"पीठ!" एक तरुण ड्रायव्हर म्हणाला.

"चाख की. आई करते ना कसाव्याचा फुफू? चव ओळखशील."

त्याने चाखलं आणि थुंकला. हशा झाला.

पोमाने डिझेलमध्ये भिजवलेली चिंधी पत्र्याच्या झाकणावर ठेवली, काडी लावली. चिंधी भडकली. तिने कापडावरची मूठभर पावडर घेऊन ज्वाळेच्या बुडाशी फेकली. आग बसली, धूर तेवढा वर गेला. "पीठ असतं तर भडका उडून माझ्या भुवया गेल्या असत्या," ती म्हणाली. मग उरलेली पावडर तिने तराजूत टाकली, दुसऱ्या पारड्यात भरलेल्या सिलिंडरमधल्या पावडरीएवढं वजन ठेवून. "आता बघा. यात एक मूठ मी आता उडवली. तरी आणखी कमी आहे, चांगली ओंजळभर. सार्पोंग, रस्त्यावर किती आली रे पावडर?"

सार्पोंग पहिल्या बाकाच्या टोकाला बसला होता. गाडी जळाल्यापासून तो सगळीकडे टोकालाच बसायचा. "एक शिंक," तो म्हणाला.

"शिंकेत ओंजळ जात नाही." तिने डोक्याचा भाग वर धरला आणि आतल्या रबराच्या चकतीवरून नख फिरवलं. नखावर पांढरा, घट्ट बसलेला थर आला. "हे बघा. हा इथे कधी बसतो? कोणी मूठ दाबून सोडली की. पावडर निघते तशी थोडी रबराखाली अडकते. मग झाकण बसतं, पण नीट बसत नाही. त्या दिवशी काटा हिरव्यातच दिसतो. पुढे थोडी थोडी हवा जाते, आणि काही दिवसांत आत नुसती पावडर उरते, ढकलणारं कोणी नाही. मी प्रत्येकाला सांगते की नाही? थोडंसं दाबून बघायचं नसतं. हे लग्नासारखं आहे, जरासं करून बघता येत नाही. दाबलं की माझ्याकडे आणा, मी पुन्हा भरून देते. सांगते की नाही?"

"सांगतेस," ताविया म्हणाला.

"हा दाबलाय. रस्त्यावर नाही, त्याच्या कितीतरी आधी. सार्पोंग, कोणी दाबला?"

सार्पोंग आपल्या चपलांकडे बघत राहिला. मांडवात कुजबुज झाली आणि थांबली. मग मागच्या बाकावरचा कोणी तरी, ज्याला गप्प बसायचं कधी जमलं नाही असा, एकदम म्हणाला, "अरे! चेअरमनच्या डोक्यावर!"

आणि सगळ्यांना एकाच वेळी आठवलं. माणसं हसू लागली, मग हसायचं की नाही हे कळेना म्हणून आणखी जोरात हसू लागली.

निवडणुकीचा दिवस. इथे कोणी जिंकलं की त्याच्या डोक्याखांद्यांवर पांढरी पावडर उधळतात, बाळाला लावायची असते ती. कोर्टात सुटलेला माणूस आणि नुकती बाळंत झालेली बाई, दोघं सारखीच पांढरी होऊन घरी जातात. त्या दिवशी आमेयोच्या माणसांनी बाजारातल्या सगळ्या डब्या संपवल्या होत्या आणि सार्पोंग उशिरा पोहोचला होता. रिकाम्या हाताने विजयाला कसं जायचं? त्याने गाडीतला सिलिंडर काढला, पिन ओढली आणि नव्या चेअरमनवर एक दणदणीत फवारा सोडला. आमेयो खोकला, शिंकला, नाचला. लोकांनी त्याला खांद्यावर घेतलं. सार्पोंगने पिन परत घातली आणि तुटलेलं निळं सील गाठ मारून बसवलं. पोमा त्या दिवशी डोर्माला एका अंत्यविधीला गेली होती. तिला कोणी सांगितलं नाही, कारण सांगण्यासारखं त्यात काही आहे असं कोणाला वाटलंच नाही.

आता सगळ्या माना ऑफिसच्या दाराकडे वळल्या. भिंतीवरच्या फोटोत आमेयो पापण्यांपर्यंत पांढरा होता, तोंड उघडं, दोन्ही हात वर.

पोमानेही तो फोटो पाहिला. रोज ऑफिसपुढून जाताना पाहत आली होती. बाळाची पावडर पापण्यांवर अशी चिकटून बसत नाही, हे तिच्या कधीच डोक्यात आलं नव्हतं. तिला स्वतःचा राग आला, आणि त्याच्या पाठोपाठ हसूही.

आमेयो सेक्रेटरीच्या कानात बराच वेळ बोलला. सेक्रेटरीचा कानही तापला असावा.

"चेअरमन म्हणतात," सेक्रेटरीने घसा साफ केला, "सभेने सगळं पाहिलं. मामेच्या हाताचा दोष नाही. सार्पोंगनेही वाईट मनाने केलं नाही, आनंदाने केलं. आनंदाला शिक्षा नाही. तेव्हा तळावर शांती राहावी म्हणून सार्पोंगने एक बाटली ठेवावी आणि मामेनेही एक ठेवावी. दोन्हीकडून बरोबरी."

मांडवभर सुस्कारा गेला. किती छान मिटलं! माणसांनी उठायची जुळवाजुळव सुरू केली. ताविया पोमाकडे बघून हळूच मान डोलवत होता: घे, सुटलीस.

"मी बाटली देणार नाही," पोमा म्हणाली.

"मामे, आता तर तुमचा दोष नाही असं..."

"म्हणूनच देणार नाही. दोष असता तर दोन दिल्या असत्या, आणि मेंढी वर." तिने सेक्रेटरीला हाताने बाजूला केलं, अगदी हळू, दारातलं पोर बाजूला करावं तसं, आणि थेट आमेयोकडे पाहून बोलू लागली. मांडवात कोणीतरी जीभ चावली. "चेअरमन, मी बाटली ठेवली की पुढच्या वर्षी लोकांना रबर आठवणार नाही, बाटली आठवेल. म्हणतील, पोमाने काहीतरी केलं असणार, उगाच कोण देतं? आणि आफ्राकोमाला कोण सांगणार? तिच्या हातासाठी किती बाटल्या? ती पिते का, कोणी विचारलं?"

आमेयो आता स्वतः बोलला. आवाज दमलेला होता, दुष्ट नव्हता. "मामे पोमा, तुम्ही सभेचा मान ठेवणार नसाल तर मला शेड मागावी लागेल. मी म्हणालो होतो. आता मागे घेतलं तर उद्या माझं कोण ऐकेल?"

"बरोबर आहे," पोमा म्हणाली. "घ्या शेड. पण तुम्ही मागे घेऊ शकत नाही म्हणून मीही मागे घ्यायचं, असा तर काही नियम नाही ना?"

तिने पावडर कापडात बांधली, तराजू उचलला आणि निघाली. वाटेत तिने पिशवीतली तावियाची बाटली त्याच्या मांडीवर ठेवली. "जावयाला माझा नमस्कार सांगा."

सोमवारी शेडला कुलूप लागलं तेव्हा आत काही उरलं नव्हतं. टेबल, तराजू, रबरी हातोडा आणि दाब भरायचा नायट्रोजनचा उंच सिलिंडर तिने आदल्याच दिवशी ढकलगाडीवर घालून बाहेर नेले होते. तळाच्या फाटकाबाहेर, रस्ता आणि गटार यांच्यामध्ये जेवढी जागा कोणाच्याच मालकीची नसते, तेवढ्या जागेत तिने दुकान मांडलं. छप्पर नव्हतं. तिने ओलं फडकं डोक्यावर घेतलं आणि बसली. सेक्रेटरीने आत जाहीर केलं की बाहेर सील लावून घेणाऱ्याला प्रवासी भरायची पाळी मिळणार नाही. फाटकातून निघणारे ड्रायव्हर एकदम समोरच्या रस्त्याचे फार मोठे अभ्यासक झाले. पोमा बसली त्या डाव्या बाजूला कोणी मान वळवेना.

दुपारी सार्पोंग चालत आला. चालवायला गाडी नव्हतीच. उभा राहिला.

"मामे, आफ्राकोमाकडे गेलो होतो."

"काय म्हणाली?"

"बस म्हणाली. मग म्हणाली, ऊठ."

"बाटली नेली होतीस?"

"नाही. फवारा मी मारला, एवढंच सांगितलं. तिने पुन्हा सांगायला लावलं. शेजाऱ्यांना बोलावून."

सार्पोंगने पोमाचा नायट्रोजनचा सिलिंडर उन्हातून उचलून भिंतीच्या चिंचोळ्या सावलीत नेऊन ठेवला आणि निघून गेला.

ऊन कलायच्या आधी कुमासीची गाडी भरून निघाली. ताविया चालवत होता. फाटकाच्या बरोबर तोंडात, अर्धी आत अर्धी बाहेर, गाडी थांबली आणि इंजिन बंद झालं. ताविया दार उघडून उतरला, हातात लाल सिलिंडर.

"वोफा, गाडी बाजूला घ्या," पोमा म्हणाली. "मागे रांग आहे."

"मला दिसतेय. हा बघून दे. बरेच महिने झाले."

"तुमची पाळी जाईल."

"जाऊ दे. या वयात मी पाळीसाठी जगतो होय? बघ तू, घाई नको."

आतून सेक्रेटरीचा आवाज आला, मग मागच्या गाडीचा हॉर्न, मग तिच्या मागच्या गाडीचा, आणि बघता बघता सगळा तळ ओरडू लागला. गाडीतले प्रवासी खिडक्यांतून डोकी काढून कोणाला शिव्या द्याव्यात हे ठरवत होते. ताविया कठड्यावर बसला आणि त्याने टोपीने वारा घ्यायला सुरुवात केली.

पोमाने काटा पाहिला. सील पाहिलं. नळीत बोट घालून कोळ्याचं जाळं काढलं. मग सिलिंडर उलटा केला आणि बुडाला कान लावला. रस्त्याच्या धक्क्यांनी पावडर तळाशी दाबून दगड होते. मोकळी असली तर उलटं केल्यावर सरकताना ऐकू येते, वाळू ओतल्यासारखी. हॉर्नमध्ये काही ऐकू येईना.

तिने एक हात वर केला. कोणाकडे बघून नाही, नुसता वर. तावियाच्या मागची गाडी आधी थांबली, मग तिच्या मागची. मांडवाकडून एकच हॉर्न बराच वेळ वाजत राहिला. पोमाने घाई केली नाही. सिलिंडर उलटा धरून, कान लावून, डोळे मिटून ती उन्हात उभी राहिली, तो हॉर्नही गप्प होईपर्यंत.